ढालकिडा, टसर आणि न दिसलेला वाघ

नागझिऱ्याला गेलो वाघासाठी. परत आलो ते एका वास मारणाऱ्या किड्याची आणि एका बिनतोंडाच्या पतंगाची गोष्ट घेऊन. आणि हो, एक साडीही!

सोमवारी ऑफिसात पाय ठेवला आणि कॉफी मशीनपाशीच पहिला प्रश्न आला, ‘काय रे, दिसला का?’

जंगलात जाऊन आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ठरलेला. ‘काय’ दिसला, हे कुणी विचारत नाही. वाघच, दुसरं काय! मी ‘नाही’ म्हणालो आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू अप्रेझलमध्ये माझं रेटिंग खाली आलंय. ‘अरेरे, पैसे वाया गेले की!’ असंही एकीनं म्हणून टाकलं.

वाया? छे! पण हे कॉफी मशीनपाशी दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं सविस्तर सांगतो.

हिरवा पडदा

आम्ही चौघं. सगळे पुण्यातले, सगळे एकाच टीममधले आणि सगळे डेडलाइनला कंटाळलेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन सुट्ट्या जोडून मिळाल्या आणि ‘चला नागझिरा’ असं ठरलं. ताडोबाचं बुकिंग मिळालं नाही, हे खरं कारण. पण ते आम्ही एकमेकांतच ठेवलं.

नागपूरहून भंडारा, तिथून साकोली. रस्ता मस्त, दोन्ही बाजूंना धानाच्या हिरव्यागार बांध्या. साकोलीला हायवे सोडला की वीसेक किलोमीटरवर जंगल. शेवटच्या टप्प्यात मोबाइलची रेंज गेली आणि गाडीत एकदम शांतता पसरली. आधी जरा अस्वस्थ वाटलं. मग बरं वाटलं.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं. शेजारच्या नवेगावसोबत त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला तो डिसेंबर २०१३ मध्ये. मराठी वाचकाला मात्र हे जंगल त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचं. व्यंकटेश माडगूळकरांनी यावर पुस्तक लिहिलं, किरण पुरंदरे इथं चारशे दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्ली याच भागात वनाधिकारी होते. आणि आमच्या पिढीला नागझिरा माहीत आहे तो ‘जय’मुळे. हा देखणा वाघ २०१३ मध्ये इथून निघून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिथं स्टार झाला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झाला.

आम्ही दोन सफाऱ्या केल्या. सांबर दिसलं, गवे दिसले, रानकुत्र्यांची एक टोळी रस्ता ओलांडून गेली. वाघ नाही. पाऊस नुकताच संपलेला, झाडोरा इतका दाट की दहा फुटांवर हत्ती उभा असता तरी दिसला नसता. ‘वाघ पाहायचा असन तं एप्रिल-मेमधी या जी,’ गाईडदादा म्हणाले. ‘आता सारं हिरवं आहे. आता झाडं पाहा.’

झाडं बघायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. काळपट साल, चौकोनी भेगा पडलेली, थेट मगरीची पाठ. ‘हा येन.’ पुस्तकात त्याला ऐन म्हणतात. आम्ही फोटो काढला आणि विसरून गेलो. पुढच्या चोवीस तासांत हेच झाड आमच्या ट्रिपचं मुख्य पात्र होणार होतं, याची कल्पना कुणालाच नव्हती.

टी-शर्टवरचा पाहुणा

जंगलाबाहेर, गेटपासून थोड्या अंतरावर एका साध्याशा घरगुती मुक्कामात आम्ही उतरलो होतो. चार खोल्या, लांब व्हरांडा, मागं स्वयंपाकघर आणि तिथं एक मावशी. संध्याकाळी दोरीवरचा माझा टी-शर्ट काढायला गेलो तर बाहीवर एक किडा. नखाएवढा, मातकट तपकिरी, दोन्ही खांद्यांवर काट्यासारखं एकेक टोक. पाठीवर मधोमध त्रिकोणी ढाल. अगदी मावळ्याच्या पाठीवर असावी तशी.

मी चिमटीत धरून त्याला बाजूला करायला गेलो आणि... शी! बोटांना असा उग्र, तेलकट वास चिकटला की साबणानं दोनदा हात धुतले तरी जाईना. बाकीचे तिघं खो-खो हसत होते. ‘ढेकूण आहे रे, ढेकूण!’ असा एकाचा निकाल. तसा तो फार चुकलाही नव्हता. आपल्या गादीतला ढेकूण आणि हा एकाच मोठ्या गोतावळ्यातले, तोंडाऐवजी सोंड असलेले. हा शिल्ड बग, म्हणजे ढालकिडा. वासामुळे त्याला स्टिंक बगही म्हणतात. भारतात, महाराष्ट्रात, तुमच्या सोसायटीच्या बागेतसुद्धा याचे भाऊबंद सापडतील. हिरवे, तपकिरी, ठिपक्यांचे. घाबरला की छातीच्या खालच्या बाजूच्या ग्रंथींतून तो हा वास सोडतो.

गंमत म्हणजे या वासातली काही रसायनं आणि कोथिंबिरीच्या पानातली काही रसायनं एकाच घराण्यातली. रात्री मावशींनी वरणावर मस्त कोथिंबीर भुरभुरली आणि आमच्यातल्या एकीनं ताट बाजूला सारलं. आजतागायत ती कोथिंबीर खात नाहीये!

किड्याचा एक फोटो मात्र मी मोबाइलवर काढून ठेवला होता. ग्रुपवर टाकून मित्रांना चिडवायला. तोच फोटो दुसऱ्या दिवशी कामाला आला.

‘लाइट बंद करा जी’

जेवणं उरकली. व्हरांड्यात एकच बल्ब. आम्ही पत्त्यांचा डाव मांडला होता. आणि अचानक डोक्यावरून काहीतरी फडफडत गेलं. आधी वाटलं वटवाघूळ. मग ते भिंतीवर बसलं आणि आम्ही चौघंही गप्प झालो.

पंख उघडलेले, तळहात पसरावा एवढे. रंग विटकरी, कडेला करडी झाक. चारही पंखांवर एकेक गोल डोळा आणि त्या डोळ्याच्या मधोमध काच बसवावी तसा पारदर्शक ठिपका. त्यातून मागची भिंत दिसत होती! डोक्यावर पिसांसारख्या दोन रुंद मिशा. हा टसरचा पतंग. कोसा रेशीम ज्याच्या कोषातून निघतं, तोच.

मग काय, मोबाइल निघाले. फ्लॅश, सेल्फी, व्हिडिओ. एकानं तर ‘वाघ नाही तर नाही, हा आमचा वाघ’ असं स्टेटस आधीच लिहून ठेवलं. विचार करा, तीन तासांपूर्वी एका किड्याला आम्ही ‘शी’ म्हणून झटकलं होतं आणि आता दुसऱ्या किड्यासमोर फॅन क्लब जमला होता. देखणं असण्याचा फायदा फक्त माणसांतच मिळतो असं नाही.

तेवढ्यात मावशी भांडी घेऊन आल्या. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. ‘लाइट बंद करा जी,’ त्या म्हणाल्या. ‘नर आहे तो. मादी शोधाले निघाला असन. इथं दिव्यालेच गोते खात बसला तं त्याची रात जाते. त्याच्याजवळ राती किती?’

‘किती?’ मी विचारलं.

‘पाच-सात. त्याले तोंडच नाही तं जगन किती?’

आम्हाला वाटलं मावशी मस्करी करताहेत. पण खरंच, टसरच्या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना पोटात साठवलेल्या शिदोरीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. ना मध, ना पाणी. त्या पिसांसारख्या मिशांनी मादीचा गंध दुरून टिपायचा, तिच्यापर्यंत पोचायचं, बस्स. एवढं एकच काम आणि त्यासाठी मोजक्या रात्री. त्यातली एक आम्ही सेल्फीत घालवत होतो.

मावशींच्या घरी पूर्वी कोसा पाळायचे, हे नंतर कळलं. त्यांनी स्वतःच बटण दाबलं. अंधार झाला. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग पंखांचा एक जाड फडफडाट आणि भिंत रिकामी.

समोरासमोर

रात्री झोप येईना. एकाच संध्याकाळी भेटलेले हे दोघं डोक्यातून जाईनात. नंतर थोडं वाचलं, विचारलं, तेव्हा लक्षात आलं की ही जोडी म्हणजे जगण्याच्या दोन अगदी उलट्या पद्धती आहेत.

जन्म : ढालकिडा अंड्यातून निघतो तोच छोटा ढालकिडा म्हणून. पाच वेळा कात टाकत मोठा होतो, शेवटी पंख फुटतात. कोष वगैरे भानगड नाही. टसरचं मात्र अंडं, अळी, कोष, पतंग असं पूर्ण रूपांतर. अळी महिना-दीड महिना खात राहते, मग स्वतःभोवती अंड्याच्या आकाराचा टणक कोष विणते आणि रेशमाच्याच देठानं तो फांदीला पक्का बांधून टाकते. पावसाळा संपताना तयार झालेले पुष्कळ कोष हिवाळा आणि उन्हाळा तसेच लटकत काढतात, पुढच्या पावसाची वाट बघत.

जेवण : टसरच्या अळीला ऐन आणि अर्जुनाची पानं लागतात. नाहीच मिळाली तर बोरीसारख्या दुसऱ्या झाडांवर ती भागवते, पण खरी वाढ होते ती आवडत्या पानांवर. माझ्या बाहीवर बसला होता तो ढालकिडा शिकारी जातीचा. मऊ अंगाची अळी दिसली, की झालं. कोणत्या जातीची, कोणत्या झाडावरची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

संरक्षण : एकाकडे ढाल, काटे आणि वास. दुसऱ्याकडे पंखांवरचे चार खोटे डोळे आणि अंधार.

आयुष्य : ढालकिडा मोठा झाल्यावरही खातो, फिरतो, पुन्हा पुन्हा अंड्यांचे पुंजके घालतो. टसरच्या मादीला संधी एकदाच, दीडशे-दोनशे अंड्यांची. तेवढ्या दिवसांत नर आलाच नाही, तर ती सगळी फुकट.

आता सांगा, यातला कुठला सहज टिकेल? उत्तर सोपं आहे. मिळेल ते खाणारा, जमेल तिथं राहणारा, हाताशी सतत दुसरा पर्याय असणारा कुठंही दिसतो. एक झाड, एक ऋतू आणि एक आठवडा यांवर सगळं लावून बसलेला आधी अडचणीत येतो. आमच्या टीममध्ये यावर बरीच चर्चा झाली. ‘म्हणजे मल्टीस्किलिंग करा, हेच ना?’ एकानं विचारलं. पण प्रत्येक गोष्टीचा एचआरला फायदा झालाच पाहिजे असं नाही, यावर एकमत झालं.

ऐनाच्या झाडाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनीच पत्ता दिला. साकोलीकडे परतताना मुख्य रस्ता सोडून आत, एका गावाबाहेर ऐनाच्या झाडांचा पट्टा होता. झाडं छाटून बुटकी ठेवलेली. खाली एक काका बसलेले, शेजारी गलोल आणि पाण्याची बाटली. ढिवर समाजाचे. महाराष्ट्रात टसर पिकतं ते गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले ते प्रामुख्यानं ढिवर. एरवी तलावातली मासेमारी, पावसाळ्यात कोसा.

‘हे आमचं ऑफिस जी,’ काका हसून म्हणाले. ‘चोवीस तास ड्युटी.’

अतिशयोक्ती नव्हती. तुतीच्या रेशमाची अळी घरात, ट्रेमध्ये वाढते. टसरची अळी उघड्यावर, झाडावर. त्यामुळे दिवसा पक्षी, रात्री आणखी कुणी, मधूनच मुंग्या, गांधीलमाश्या. महिना-सव्वा महिना माणूस झाडाखालून हलत नाही. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांद्या कापून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायच्या. कोष झाले की ते विकले जातात वजनावर नाही, नगावर. एक अळी गेली म्हणजे एक नग गेला, सरळ हिशेब.

काकांनी एक फांदी खाली ओढली. पोपटी रंगाच्या अळ्या, अंगावर चांदीच्या टिकल्या लावाव्यात तसे चमकते ठिपके. इतक्या सुंदर की हात लावावासा वाटला. आणि त्याच फांदीवर एका लहान अळीला सोंड खुपसून बसलेला होता तो. तपकिरी, खांद्यावर काटे, पाठीवर ढाल.

मी मोबाइल काढून कालचा फोटो दाखवला. काकांनी मान डोलावली. ‘हाच तो. लहान अळीत सुई खुपसते अन् तिचं पानी करते. मोठीले काही करू शकत नाही, पण लहानपनीच खाल्ली तं मोठी कुठून होईन?’ एवढं बोलून त्यांनी किड्याला दोन बोटांत धरलं आणि चिरडलं. वास आला. त्यांनी हात लुंगीला पुसला. रोजचंच काम.

टसर पाळणाऱ्यांना ज्या शत्रूंचा सगळ्यात ताप होतो, त्यांत हा ढालकिडा बराच वरच्या नंबरवर आहे. म्हणजे कालचे आमचे दोन पाहुणे एकमेकांना अनोळखी नव्हतेच. एक दुसऱ्याला खात होता.

‘म्हणजे हा किडा नकोच तुम्हाला,’ मी म्हणालो.

‘इथं नको,’ काका म्हणाले. ‘धुऱ्यावरच्या तुरीवर दिसला तं मी हात नाही लावत. तिथं तो घाटे अळी खाते. तिथं तो आपला मानूस.’

हे ऐकून मी थबकलोच. तोच माणूस, तोच किडा. ऐनावर दिसला तर मरण, धानाच्या बांधावर तुरीत दिसला तर अभय. आणि काकांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. पिकांवरच्या अळ्यांचा बंदोबस्त करणारा मित्रकीटक म्हणून याच ढालकिड्याचा अभ्यास कृषिशास्त्रज्ञ करत आले आहेत. आपण ‘शत्रू’ आणि ‘मित्र’ हे शब्द किड्याला चिकटवतो. खरं तर ते कोणत्या झाडाखाली आपण बसलोय, त्यावर ठरतं.

मग व्हिलन कोण?

इथवर गोष्ट सरळ आहे. देखणा, नाजूक पतंग आणि त्याच्या पिल्लांना खाणारा ढालकिडा. पण टसरचा पतंग जंगलात कमी होतोय तो ढालकिड्यामुळे नाही. हे दोघं याच जंगलात माणसाच्या कितीतरी आधीपासून एकत्र राहताहेत. खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघंही टिकून.

तसा टसर हा ‘संकटग्रस्त’ म्हणून गाजलेला जीव नाही. पाळला जातो, त्याची अंडी सरकारी बीजकेंद्रांत तयार होतात, म्हणून वाटतं याला काय धोका? पण पोल्ट्रीत लाखो कोंबड्या आहेत म्हणून रानकोंबडा सुरक्षित, असं आपण म्हणतो का? टसरचंही तसंच. देशभरातल्या जंगलांत त्याचे चाळीसहून जास्त स्थानिक वाण नोंदले गेलेत. प्रत्येक वाण आपापल्या जंगलातल्या झाडांशी आणि पावसाशी जुळलेला. त्यातल्या एकाचं नावच ‘भंडारा’. गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, म्हणजे हा वाण इथलाच. अशा रानवाणांची पिछेहाट होतेय. ऐन-अर्जुन तोडले जातात, रानातले कोष वेचून विकले जातात, पाळीव वाणांशी संकर होतो. आणि हो, जंगलाच्या कडेला गावोगावी लागलेले पांढरे दिवे. ज्याच्याकडे पाच-सात रात्री आहेत, त्याला एक दिवाही महाग पडतो.

वाघांची दर चार वर्षांनी देशभर मोजदाद होते. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, गळ्यात कॉलर घालून. त्या कुठं फिरतात, हे माणसं बसून बघत होती. ते व्हायलाच हवं. पण या पतंगाची अशी शिरगणती होत नाही. तो उद्या या जंगलातून नाहीसा झाला तर ब्रेकिंग न्यूज येणार नाही. मावशींच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर तो यायचा थांबेल, एवढंच.

आणि आता खरी पंचाईत सांगतो. माझ्या खिशात आईनं दिलेले पैसे होते. डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न. ‘तिकडे जातोच आहेस तर एक कोशाची साडी घेऊन ये, करवती काठाची,’ अशी ऑर्डर. आईकडे तिच्या लग्नातली एक आहे. मऊ, मधाच्या रंगाची. लहानपणी मी त्या साडीत तोंड खुपसून झोपायचो.

ती साडी कशी होते? पतंग बाहेर येताना एक पाचक रस सोडून कोषाचं टोक भिजवतो आणि धागे बाजूला सारून भोक पाडतो. भोक पडलं की कोषातून अखंड धागा निघत नाही. म्हणून पतंग बाहेर यायच्या आतच उन्हात किंवा वाफेवर कोष ‘मारले’ जातात. एका साडीला असे शेकडो. ढालकिड्यानं त्या सकाळी आमच्यासमोर एक अळी खाल्ली आणि त्याची शिक्षा जागच्या जागी भोगली. मी मात्र शेकडो पतंगांची साडी घ्यायला निघालो होतो, आणि तेही लग्नाच्या शुभकार्याला!

मोहाडीची साडी

‘मग घेऊ नकोस,’ गाडीत एकीनं सोपा उपाय सांगितला. मलाही क्षणभर पटला. पण डोळ्यांसमोर ते काका आले, गलोल घेऊन बसलेले. ते ऐन राखतात कारण ऐनावर कोसा होतो. कोसा विकला गेला नाही तर ते ऐन कशाला राखतील? त्या जागी दुसरं काहीतरी येईल, आणि मग रानातल्या पतंगालाही ते झाड उरणार नाही. साडी घेतली तर पतंग मरतो, नाही घेतली तर कदाचित झाडच मरतं. एक्सेल शीटमध्ये मांडून सुटणारं हे गणित नव्हतं.

भंडाऱ्याहून तुमसर रस्त्यानं मोहाडीला गेलो. मोहाडी, आंधळगाव ही इथली जुनी विणकरांची गावं. एका घरात मागावर साडी चढलेली होती. मधलं अंग टसरचं, काठ सुती आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. म्हणून नाव करवती. अंग आणि दोन्ही काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणायचे आणि प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवायचे. हात यंत्रासारखे चालत होते, पण यंत्राला हे जमत नाही, असं विणकर दादा अभिमानानं म्हणाले.

‘हे रेशीम इथलंच का?’ मी विचारलं.

‘बाणा आपल्याकडच्या कोशाचा,’ ते म्हणाले. ‘ताणा बाहेरचा. इथला कोसा पुरत नाही आता.’

मग मी जरा चाचरतच विचारलं, की पतंग निघून गेलेल्या कोषाचं काही मिळतं का? मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी एक शाल आणली. जाडसर, खरबरीत, मधेमधे गाठी. घिचा म्हणतात याला. भोक पडलेल्या, अखंड धागा न निघणाऱ्या कोषांचं सूत हातानं ओढून काढतात. ‘चमक कमी असते. लग्नात कुणी घेत नाही,’ ते म्हणाले.

मी दोन्ही घेतलं. बहिणीला करवती, कारण तिनं वर्षभर त्याच साडीचं स्वप्न पाहिलंय आणि तिच्या लग्नात माझं तत्त्वज्ञान कुणाला नको आहे. आणि आईला घिच्याची शाल. प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. फक्त आता साडीची घडी उलगडली की मला नुसती साडी दिसत नाही. फांदीवरची पोपटी अळी दिसते, तिच्या अंगात सोंड खुपसलेला ढालकिडा दिसतो आणि लुंगीला हात पुसणारे काकाही दिसतात.

आईनं शाल हातात घेतली, गाठींवरून बोट फिरवलं. ‘खरबरीत आहे रे,’ म्हणाली. मग मी तिला मावशींची, बल्बची, बिनतोंडाच्या पतंगाची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, ‘मग हिच्यातला तरी उडून गेला म्हणायचा.’ आणि शाल खांद्यावर टाकून चहा करायला निघून गेली.

तर मंडळी, वाघ दिसला नाही. पैसे वसूल.

कसं जाल?

नागपूरहून भंडारा-साकोली मार्गे रस्त्यानं साधारण सव्वाशे किलोमीटर. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस थेट गोंदियाला येते, तिथून पुढं गाडी करावी लागते. सफारी चोरखमारा, पिटेझरी, मंगेझरी अशा गेटांवरून. बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा.

कधी जाल?

पावसाळ्यात जंगल बंद असतं. वाघाची ओढ असेल तर एप्रिल-मे. किडे, पतंग, कोष आणि हिरवं रान बघायचं असेल तर ऑक्टोबरची सुरुवात.

काय आणाल?

जंगलातून फक्त फोटो. पान, कोष, पीस, काहीही उचलू नका. खरेदी करायची तर परतीच्या वाटेवर मोहाडी-आंधळगावला विणकरांकडूनच करा आणि घिचा आवर्जून मागा. कुणी मागितला तरच तो विणला जाईल.

काय न्याल?

लांब बाह्यांचे कपडे आणि टॉर्च. दोरीवरचे कपडे झटकताना ढालकिडा चिमटीत धरू नका, कागदावर घेऊन सोडून द्या. आणि रात्री पत्ते खेळायचेच असतील तर खोलीत खेळा. व्हरांड्यातला दिवा बंद ठेवा.